चौदा ते अठरा

बाईंना हसताना मी साडेतीन वर्षांत दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा कुणीतरी काम सोडून गेटबाहेर पडत होतं. बाकी सगळा काळ त्या रागावलेल्या असत. सकाळी गेट उघडताना रागावलेल्या, दुपारी भाकरी खाताना रागावलेल्या, संध्याकाळी तर विचारूच नका. आता कुणी त्यांच्याबद्दल 'जरा चक्रमच होती ती बाई' असं म्हणालं, की माझ्या डोक्यात तिडीक जाते. कारण तिथं होतो तोवर मीही तेच म्हणत होतो.

लातूरच्या बाहेर, नांदेडकडं जाणाऱ्या रस्त्याला गाड्यांचं मोठं शोरूम होतं. पुढं काचेचा हॉल, मागं वर्कशॉप, बाजूला गाड्या धुवायचा रॅम्प. मालक मूळचे उदगीरचे, वडिलांची आडत होती. त्यांना सगळे आप्पा म्हणत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं लोण्यासारखं. मी बिलोलीकडचा, बी.कॉम. होऊन तिथं डिलिव्हरीचा क्लार्क म्हणून लागलो होतो. गिऱ्हाईकाला गाडी द्यायच्या दिवशी कागद, विमा आणि दोन चाव्या यांची फाईल तयार ठेवायची, एवढंच माझं काम. आणि बाई होत्या टाइमकीपर. उदगीरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांनी वीसेक वर्षं कामगारांची हजेरी लिहिली होती. जिनिंग बंद पडलं तेव्हा आप्पांनी त्यांना इकडं आणलं, कारण गाड्या बनवणाऱ्या कंपनीचा माणूस तपासणीला येऊन 'कामगारांचे कागद नीट नाहीत' असा शेरा मारून गेला होता. आप्पांना कागद नीट करून हवे होते, बस्स. बाई तसं समजल्या नाहीत.

पन्नाशीच्या पुढच्या, उंच, हाडापेरानं मजबूत. साडीवर पुरुषी खाकी शर्ट आणि पायात कॅनव्हासचे बूट. खुर्ची दिली होती, पण त्यांना तिच्यावर बसलेलं कुणी पाहिलं नाही. खुर्चीवर हजेरीचं रजिस्टर बसायचं, बाई त्याच्या शेजारी उभ्या. राग फार चढला की कन्नडमध्ये पुटपुटायच्या. त्यातला 'साकु' एवढाच शब्द आम्हाला कळायचा. साकु म्हणजे पुरे. वर्कशॉपमधली पोरं त्यांच्या मागं एकमेकांना 'साकु' म्हणून हाक मारायची.

पोरं आठ-दहा होती, सोळा-सतरा वर्षांची. गाड्या धुणारी, पॉलिश मारणारी, डिलिव्हरीच्या गाडीला फुगे आणि रिबिनी लावणारी. बाई यायच्या आधी ही पोरं सकाळी सहाला यायची आणि रात्री सगळ्यात शेवटी जायची. कुणाच्या नावाची कुठं नोंद नव्हती. बाईंनी पहिल्याच आठवड्यात जाड स्केचपेननं एक कागद लिहिला आणि त्याच्या नकला चहाच्या टपरीपाशी, संडासाच्या दारावर आणि थेट आप्पांच्या केबिनमध्ये, देवाच्या फोटोखाली चिकटवल्या. कायदा त्यांनी आपल्या भाषेत लिहिला होता:

'चौदाच्या आतल्यानं कामाला पाऊल ठेवायचं न्हाई. चौदा ते अठरा: तीन तास काम, मग एक तास बसणं. बसणं धरून सहा तास, त्याच्या वर न्हाई. सकाळी आठच्या आधी न्हाई, संध्याकाळी सातच्या नंतर न्हाई. ओव्हरटाइम न्हाई. आठवड्याला एक सुट्टी. पेंट, थिनर, पेट्रोलपाशी न्हाई. गाडीच्या चावीला हात न्हाई.'

शेवटची ओळ कुठल्या कायद्यातली, असं सेल्स मॅनेजरनं विचारलं. त्या म्हणाल्या, लायसन अठराला मिळतं, हे तुला तुझ्या बापानं सांगितलं न्हाई का.

हे 'तुला' महत्त्वाचं. बाई सेल्स मॅनेजरला, मला, वर्कशॉपच्या पन्नाशीतल्या फोरमनला अरे-तुरे करायच्या. आणि गाड्या धुणाऱ्या पोरांना अहो-जाहो. "माधवराव, तुमचे तीन तास झाले, बसा." माधवराव म्हणजे सतरा वर्षांचा माधव, पायात तुटक्या सपाता, अंगावर साबणाचा फेस. तो लाजून चूर व्हायचा. मी एकदा म्हणालो, बाई, हे काय भलतंच. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जशी मी त्यांची काहीतरी वस्तू चोरली होती. म्हणाल्या, लेकराला घरात अरे म्हणावं. कामाला लावलं ना? मग तो कामगार हाय. कामगाराला अरे म्हणायला तू कोण?

तीन तास झाले की त्या गेटजवळ टांगलेल्या जुन्या ब्रेक ड्रमवर पान्यानं ठोका द्यायच्या. आवाज काचेच्या हॉलमध्ये घुमायचा. कोट घातलेलं एखादं गिऱ्हाईक दचकायचं, कुणाची तरी बायको कानावर हात ठेवायची. सेल्स मॅनेजर दात-ओठ खात 'सॉरी सर' म्हणायचा. निम्मी धुतलेली गाडी तशीच ठेवून पोरं सावलीत जाऊन बसायची, आणि बाई घड्याळ बघत त्यांच्यावर पहारा द्यायच्या. बसणंसुद्धा त्या दरडावून करून घ्यायच्या.

वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड त्यांना चालायचं नाही. शाळेचा निर्गम उतारा पाहिजे. त्यातही निम्म्या पोरांची जन्मतारीख एक जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सोयीनं टाकलेली. बाई भडकायच्या. सगळा मराठवाडा एक जूनलाच बाळंत झाला का, म्हणायच्या. मग रविवारी एस.टी.नं त्या पोराच्या गावी जाऊन त्याच्या आईला गाठायच्या. याच्या वेळी तू काय खुरपत होतीस, सोयाबीन काढायला आलं होतं का पेरायचं होतं, थोरली कितीची होती. अशानं वय काढायच्या आणि रजिस्टरात उताऱ्यातल्या तारखेशेजारी पेन्सिलनं खरं वय लिहायच्या. दर महिन्याला या पोरांची यादी, तास आणि कामं लिहून ती कामगारांच्या सरकारी कार्यालयाला रजिस्टर पोस्टानं धाडायच्या. पोचपावत्या एका तारेला ओवून ठेवलेल्या. आम्हाला वाटायचं, हा नाद आहे, जसा कुणाला तिकिटं जमवायचा असतो.

त्यांच्या रागाचा उपयोग काय, असं मी एकदा त्यांना तोंडावर विचारलं होतं. त्याला कारण घडलं होतं. एक बाप आपल्या पोराला घेऊन आला. पोरगं तेरा वर्षांचं, सातवीतून शाळा सुटलेलं. बापानं सांगितलं सोळा. बाईंनी पोराला जवळ बोलावलं, गेल्या वर्षी कितवीला होतास म्हणून विचारलं, त्यानं खरं ते सांगितलं, सातवीला, आणि तिथंच वय उघडं पडलं. बाई बापाला इतकं बोलल्या की वर्कशॉपमधली यंत्रं बंद करून लोक ऐकायला आले. बाप खाली मान घालून गेला. चार दिवसांनी तेच पोरगं रस्त्यापलीकडच्या ढाब्यावर खरकटी ताटं उचलताना दिसलं.

मी म्हणालो, बघा, काय उपयोग झाला तुमच्या रागाचा? इथं निदान सावली होती, तुमचा ड्रम होता. तिकडं तर काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाई भाकरीचं फडकं घेऊन रस्ता ओलांडून गेल्या आणि ढाब्याच्या समोर, उन्हात, उभ्या राहिल्या. उभ्यानंच भाकरी खाल्ली. तोंडातून शब्द नाही, नजर ढाबेवाल्यावर. सुट्टी संपली, परत आल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा. असं आठ-दहा दिवस चाललं. ढाबेवाल्यानं आधी चेष्टा केली, मग शिव्या दिल्या, मग आप्पांकडं तक्रार केली. ट्रकवाले विचारायला लागले, ही बाई कोण, काय भानगड आहे. शेवटी त्यानं पोराला काढून टाकलं.

बाई त्याच्या गावी गेल्या, शाळेत परत घालायला. घराला कुलूप होतं. सगळं घर ऊसतोडीला गेलं होतं, पोरगंही कोयता घेऊन. परत आल्यावर दोन दिवस त्यांनी ड्रम वाजवला नाही. पोरांनी आपणहून घड्याळ पाहून काम थांबवलं. मी त्यांना हळूच म्हणालो, बाई, जाऊ द्या. त्यांनी उत्तर दिलं ते मला आजही पाठ आहे.

"मी चुकले असंल. पण जाऊ द्या म्हणणारे सगळे एकदम बरोबर कसे काय असत्यात रे?"

मला त्याचा राग आला. आज त्या रागाची लाज वाटते.

आता दसऱ्याचं सांगतो. गाड्यांच्या धंद्यात दसरा म्हणजे लग्नघर. त्या दिवशी एकतीस गाड्या द्यायच्या होत्या. आदल्या दिवशी पोरं दुपारी एकला आली होती; संध्याकाळी सेल्स मॅनेजरनं त्यांना रात्रभर थांबा म्हणून सांगितलं. सातला पाच मिनिटं कमी असताना बाईंनी गेट सताड उघडलं आणि पोरांना एकेक करून बाहेर काढलं. सेल्स मॅनेजर ओरडत होता, आप्पा केबिनच्या दारात उभे राहून बघत होते. शेवटचा माधव बाहेर पडला तेव्हा बाई हसल्या. ते मी पाहिलेलं दुसरं हसणं. पहिल्यांदा हसल्या होत्या ते एक पोरगं आय.टी.आय.ला नंबर लागला म्हणून काम सोडून गेलं तेव्हा.

दसऱ्याला सकाळी आठला पोरं आली. गाड्या धुतल्या जात होत्या, पुढं आणल्या जात होत्या. गाड्या हलवायला लायसनवाले दोनच ड्रायव्हर. वर्कशॉपच्या चाव्यांचं कपाट बाईंच्या ताब्यात, त्यामुळं तिकडून कुणाला चावी मिळणं शक्य नव्हतं. पण नव्या गाड्यांच्या दोन्ही चाव्या माझ्या फाइलींत होत्या. अकराच्या सुमाराला एक पांढरी गाडी रॅम्पवर तयार होती, गिऱ्हाईक घरच्या बायकांसह नारळ घेऊन उभं होतं, दोन्ही ड्रायव्हर अडकलेले होते. सेल्स मॅनेजर माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, माधवला दे चावी, चार हात तर आणायची आहे. बाई तेव्हा मागं पेंटच्या खोलीत कुणाला तरी झापत होत्या.

मी चावी दिली.

माधवनं गाडी सुरू केली, रॅम्पच्या तोंडाशी आणली. पुढं पाण्याची नळी आडवी पडली होती, ती काढायला तो उतरला. हँडब्रेक ओढायचा राहिला. गाडी घसरायला लागली. खाली दुसरी नवी गाडी उभी होती. त्या पोरानं पळून जायचं सोडून दोन्ही हातांनी गाडी थोपवायचा प्रयत्न केला. नवी गाडी आहे, ओरखडा येईल, म्हणून. रॅम्पच्या लोखंडी कडेत आणि चाकात त्याचा डावा पाय सापडला.

त्याला नेल्यावर सेल्स मॅनेजरनं गाडीभोवती चक्कर मारली आणि म्हणाला, देवाची कृपा, पॉलिशलासुद्धा काही झालं नाही. मी हे माझ्या कानांनी ऐकलं. रॅम्प धुतला, गाडी धुतली, आणि दुपारी दोनला तीच गाडी त्याच गिऱ्हाइकाला हार घालून दिली. फाईल मीच दिली. दुसरी चावी, विमा, सगळं बरोबर.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

आप्पा वाईट बोलले नाहीत. ते कधीच वाईट बोलत नसत. दवाखान्याचं सगळं मी बघतो, म्हणाले. फक्त कागद नीट पाहिजेत. रजिस्टरात माधवचं वय अठराच्या वर करायचं, आणि चावी त्यानं न विचारता उचलली असा माझा जबाब. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, चहा दिला, बिलोलीला आई कशी आहे विचारलं. देवाच्या फोटोखाली बाईंचा कागद अजून तसाच होता. मी जबाब लिहिला आणि सही केली.

बाईंनी रजिस्टर दिलं नाही. आप्पा तासभर मऊ आवाजात समजावत होते. बाईंनी एकच वाक्य म्हटलं, बाहेर आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "आप्पा, तुमी गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगा की पोरगं अठराचं हाय, मी आत्ता खोडते."

आप्पांनी सांगितलं नाही. त्या दिवशीच बाईंची नोकरी गेली. रजिस्टर कपाटात होतं, ते दुसऱ्या दिवशी 'गहाळ' झालं.

बाई पोचपावत्यांची तार घेऊन त्या सरकारी कार्यालयात गेल्या. तिथल्या माणसानं असले कागद आलेच नाहीत म्हणून सांगितलं. बाईंनी पावत्या टेबलावर ठेवल्या आणि नेहमीसारख्या उभ्या राहिल्या. दिवसभर. दुसऱ्या दिवशीही दिवसभर. शेवटी एका शिपायाला कीव आली. त्यानं मागच्या खोलीतून एक पोतं ओढत आणलं. साडेतीन वर्षांची पाकिटं त्यात होती, एकही फोडलेलं नाही. माणूस एवढा वेळ काढून, स्वतःच्या खर्चानं, सुवाच्य अक्षरात लिहून पाठवतो आणि घेणारा ते पोत्यात कोंबतो. हे आठवलं की मला अजून झोपेतून उठून कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटते.

पाकिटांत माधव होता. कामाला लागल्यापासून दर महिन्याला. वय, तास, काम: गाडी धुणे. चौकशी लागली.

चौकशीच्या आदल्या दिवशी बाई माझ्या खोलीवर आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेर उभ्या.

"तुझा जबाब वाचला मी," त्या म्हणाल्या. "अक्षर लई चांगलं हाय तुझं."

मी दार पूर्ण उघडून बाजूला झालो.

"त्याला तिथं चोर लिहिलंस तू. पाय गेला, आता नावबी घालवायलास."

एवढं बोलून त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मी जबाब फिरवला. चावी मी दिली, सेल्स मॅनेजरच्या सांगण्यावरून दिली, असं सांगितलं. माझीही नोकरी गेली. शोरूमला दंड झाला, कोर्टातून माधवला भरपाई मिळाली. आप्पांनी त्यानंतर अठराच्या आतल्या कुणालाच कामावर ठेवायचं नाही असं ठरवलं, आणि काचेवर तशी पाटी लावली, सुबक अक्षरांत. लोक पाटीचं कौतुक करतात. गाड्या आता शोरूमच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये बाहेरच्या ठेकेदाराकडून धुवून येतात. कोण धुतं, किती वाजेपर्यंत धुतं, ते कुणी लिहून ठेवत नाही.

मी नांदेडला आलो, एका विमा एजंटाकडं लागलो. सगळे म्हणाले, तू खरं बोललास, धीर दाखवलास. मलाही तसंच वाटत होतं. दोनेक वर्षांनी उदगीरला काम निघालं तेव्हा बाईंना भेटायला गेलो. स्टेशनाकडच्या एका बोळात त्या राहतात. केस पांढरे झालेत, शर्ट तोच. दारातच मी त्यांची माफी मागितली. म्हणालो, माझ्यामुळं तुमची नोकरी गेली.

"नोकरीचं सोड. आणखी काय सांगायचं हाय?"

मी म्हणालो, नाही, एवढंच.

त्या म्हणाल्या, माझ्याकडं कशाला आलास, माझे दोन्ही पाय हायत. आणि माधवचा पत्ता सांगितला. तो नांदेडलाच होता. मी ज्या रस्त्यानं रोज कामाला जायचो त्याच्या मागच्या गल्लीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवत होता, आणि मला ते माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

गेलो. त्यानं ओळखलं, स्टूल पुढं केलं. काउंटरखाली कृत्रिम पाय सरळ करून बसला होता, हातात उघडलेला फोन. मी पाठ केलेलं बोललो. चावी मी दिली होती, माझं चुकलं.

"चावीचं काय न्हाई," तो म्हणाला. डोळे फोनवरच होते. "मी तुमाला इचारलं व्हतं. बाईंना सांगितलंय का, म्हनून. तुमी म्हनला, हाव, सांगितलंय, ने तू."

तसंच झालं होतं. चावी टेबलावर पडली होती, त्यानं हात पुढं केला नव्हता. बाईंना सांगितलंय का, असं त्यानं विचारलं होतं, आणि मी फाइलीतून डोकं वर न काढता हो म्हणालो होतो. पहिल्या जबाबात हे नव्हतं. दुसऱ्या, खऱ्या जबाबातही नव्हतं. इतक्या वर्षांत मी ते स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, हे तू कुणाला बोलला नाहीस का?

"बाईंना," तो म्हणाला. "दवाखान्यात. पहिल्याच दिवशी."